गाडी जागेवर थांबते की वेळेवर?

"सुटते झकास, दोन फेऱ्या मारते आणि मग हळूहळू जीव सोडते." स्वस्तातलं, खेळण्याएवढं वाफेचं इंजिन घेतलेल्या माणसाची तक्रार हटकून याच शब्दांत येते. मीही तीन वर्षं हेच म्हणत होतो आणि दर वेळी नव्या ठिकाणी स्क्रूड्रायव्हर लावत होतो. एकदा स्प्रिंग बदलली, एकदा दट्ट्यांना नव्या रिंगा घातल्या, एकदा सगळं खोलून रॉकेलमध्ये बुडवलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी एक दिवस बरी चालायची. रोग सापडला म्हणून मी खूश, आणि पुढच्या रविवारी ये रे माझ्या मागल्या.

रोग सापडला तो माझ्या भाचीला, आणि तोही रांगोळीच्या डबीमुळे. पण ते सांगण्याआधी हे यंत्र काय आहे ते थोडक्यात.

३२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालणारं, जेमतेम फूटभर लांबीचं, पोटात खरंच पाणी उकळणारं इंजिन. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे इथे १६ मिलिमीटर, असं प्रमाण. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी दोन फूट रुंदीच्या रुळांवर चालते. दोन फुटांचे १६ च्या हिशेबानं बरोबर ३२ होतात, म्हणजे मापानं हे माथेरानच्या गाडीचं धाकटं भावंड. महागड्या इंजिनांत बॉयलरच्या पोटातून धूरनळ्या जातात आणि सिलिंडरला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतात. आपल्या स्वस्त इंजिनात तसलं काही नाही. बॉयलर म्हणजे चुलीवर आडवा ठेवलेला बंद तांब्या, खाली स्पिरिटचा बर्नर. सिलिंडर दोन, दोन्ही डोलणारे. चाक फिरतं तसा सिलिंडर खिळ्याभोवती मागेपुढे झुलतो. त्याच्या पाठीला एक भोक असतं. ते एका टोकाला वाफेच्या भोकासमोर येतं, दुसऱ्या टोकाला धुरांड्याकडे जाणाऱ्या भोकासमोर. झुलणं हाच त्याचा व्हॉल्व्ह. म्हणूनच ते स्वस्त, आणि बिघाडाच्या जागाही म्हणूनच मोजक्या.

आता रांगोळी. आमचं घर फोंड्याच्या बाजूला, मागे कुळागर, पुढे अंगण आणि मध्ये तुळस. तुळशीभोवती १४ मीटरचा लंबगोल रूळ आहे. गणेश चवथीला सगळे जमले की गाडी काढायचीच, असा आता नियम झाला आहे. त्या वर्षी गाडी पाहुण्यांसमोर इतक्यांदा थांबली, की भाचीनं कंटाळून रांगोळीची डबी आणली आणि गाडी थांबेल तिथे एकेक ठिपका ठेवत सुटली. शेजारी किती मिनिटं चालली तो आकडा. संध्याकाळी ती म्हणाली, "मामा, हे बघ. तुझी गाडी दमत नाही, तिला ही जागाच आवडत नाही."

अकरा ठिपक्यांपैकी आठ एका हाताच्या अंतरात होते. आकडे मात्र दोन मिनिटांपासून नऊ मिनिटांपर्यंत कसेही विखुरलेले.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी हेच विचारतो: गाडी जागेवर थांबते की वेळेवर? एकाच जागी थांबत असेल, तर इंजिनाला हात लावू नका, दोष रुळांत आहे. कुठेही थांबते पण ठरावीक मिनिटांनी थांबते, असं असेल तर आग, पाणी किंवा तेल बघा. तिसरा प्रकार जागाही पाळत नाही आणि वेळही. त्याच्याकडे शेवटी येतो. आधी निदान दहा ठिपके पडू द्या. तीन ठिपक्यांवरून निदान करणारे आपण सगळेच असतो, आणि तिथेच फसतो.

जागेवर थांबणारी गाडी

आमच्या अंगणाला उतार आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. गोव्यात अंगणाला उतार नसेल, तर आषाढात सोप्यावर तळं होईल. पण तो उतार रुळांना किती पडतो हे मी कधी मोजलंच नव्हतं. गवंडीकाम करणाऱ्या मेस्तांकडून पाण्याची पारदर्शक नळी मागून आणली, दोन टोकं रुळाच्या दोन बाजूंना धरली आणि मोजलं. ३.८ मीटरच्या सरळ भागात साडेनऊ सेंटिमीटर चढ. म्हणजे चाळिसात एक.

हा आकडा किती वाईट आहे ते गोव्यातल्या माणसाला लगेच कळावं. दूधसागरच्या घाटात, कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंत, चढ सदतिसात एक आहे. त्या घाटात खऱ्या मालगाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. मी अंगणात जवळजवळ तोच घाट बांधून ठेवला होता आणि बिचाऱ्या एका इंजिनाला तीन डबे लावून त्यावर सोडत होतो. वर चढ संपतो तिथेच वळण सुरू. वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात, ती ओढ वेगळीच.

हिशेब साधा आहे. गाडी आणि डबे मिळून तीन किलो धरले, तर चाळिसात एक चढावर वजनाचा चाळिसावा भाग, म्हणजे ७५ ग्रॅम जादा ओढ लागते. कागदावर ती फुटकळ वाटते. पण सपाट रुळावर अख्खी गाडी ओढायलाही साधारण तेवढीच ओढ पुरते, म्हणजे चढावर इंजिनाचं काम थेट दुप्पट झालं. घरीच बघायचं असेल, तर भाजीचा स्प्रिंगकाटा डब्याच्या हुकाला अडकवून हळू ओढा. काटा बारीक आकडे दाखवत नसेल, तर डब्याला दोरा बांधा, दोरा टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याला नाणी बांधत जा. डबा हलला की नाणी वजन करा.

उपाय कंटाळवाणा पण पक्का. खालच्या बाजूच्या रुळांखाली चिऱ्याचे तुकडे रचून वर सिमेंटचा पट्टा ओतला. पावसाचं पाणी जायला मध्येमध्ये अर्ध्या इंची पाइपचे तुकडे आडवे घातले. ते विसरलात, तर पहिल्याच मुसळधार पावसात पट्ट्याला धरण समजून पाणी साठेल. वळणं पूर्ण सपाट ठेवा. चढ राहणारच असेल, तर तो सरळ भागात, आणि शंभरात एकपेक्षा जास्त नको.

रूळ चकाचक घासायची गरज नाही. विजेच्या गाड्यांना रुळांतून वीज घ्यायची असते म्हणून ती माणसं रूळ घासत बसतात. आपल्याला एवढंच बघायचं की त्यांवर तेल नको, शेवाळ नको आणि माडाची सुकी फुलं नकोत. धुरांड्यातून तेलकट पाणी उडतं आणि नेमकं रुळावर पडतं. चाकं जागच्या जागी फिरत असतील, तर कपड्यावर थोडं स्पिरिट घेऊन रूळ पुसा, आग विझलेली असताना.

वेळेवर थांबणारी गाडी

घाट उतरवल्यावर ठिपके सगळीकडे विखुरले आणि आकडे एका जागी आले: सहा, सात, सहा, साडेसहा. आता इंजिनाची पाळी. इथेही माझा हात सवयीनं सिलिंडरकडे गेला. तसं करू नका. वाफेचं यंत्र खालून वर तपासायचं: आधी आग, मग पाणी, मग वाफेची वाट आणि सगळ्यात शेवटी सिलिंडर. आग कमी पडत असेल, तर पुढचं सगळं परिपूर्ण असूनही गाडी सहा मिनिटांतच थांबेल.

आमच्याकडे स्पिरिट मिळतं ते फर्निचर पॉलिशवाल्यांचं, हार्डवेअरच्या दुकानात. वर्षभर मी एकाच बाटलीतून भरत होतो आणि झाकण लावायचा मला आळस. स्पिरिट हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत ओल किती असते ते मीठ-साखरेच्या बरण्यांना विचारा. तपासायचं असं: एका छोट्या स्टीलच्या वाटीत १० मिलिलिटर नवं स्पिरिट, दुसऱ्या तशाच वाटीत १० मिलिलिटर जुनं. वारा नसलेल्या जागी दोन्ही पेटवा आणि आपोआप विझेपर्यंत थांबा. नव्याच्या वाटीत तळाला नुसती ओल राहिली. जुन्याच्या वाटीत सिरिंजनं ओढता येईल एवढं पाणी.

शेजारचे भाऊ हे बघत उभे होते. त्यांनी घरातून काजूफेणी आणली, म्हणाले, हिच्यावर चालव. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं पेय जाळणं माझ्या जिवावर आलं, पण प्रयोग म्हणून १० मिलिलिटर वाटीत घेतली. निळी, आळशी ज्योत आली. थोड्या वेळात विझली आणि वाटीत अर्ध्याच्या आसपास पाणी उरलं. फेणीत मद्यार्क साधारण ४२ टक्के, बाकी पाणीच. तेव्हा फेणी पाहुण्यांसाठी. यातूनच एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. पॉलिशच्या स्पिरिटात मुद्दाम विष मिसळलेलं असतं. ते फेणीच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. चवथीच्या गर्दीत कोण कुठली बाटली उचलेल, याचा नेम नाही.

मग वाती. मूळच्या वाती जळाल्यावर मी मावशीच्या देवघरातल्या कापसाच्या वाती पिळून घातल्या होत्या. मावशीचं म्हणणं, यावर गाडी नाही, आरती चालते. तिचंच खरं निघालं. स्पिरिट संपत आलं की कापूस स्वतःच जळतो, टोकाला कोळसा धरतो आणि पुढच्या वेळी स्पिरिट वर चढतच नाही. आता मी भट्टीच्या दाराला लावतात ती काचधाग्याची दोरी वापरतो. ती जळत नाही. पण ती नळीत ठासून भरली, तर पुन्हा तेच. चिमट्यानं ओढली तर थोड्या अडखळीनं बाहेर यावी, इतपत सैल हवी. टोक नळीच्या तीन-चार मिलिमीटर वर. कापताना धागे हवेत उडतात, म्हणून ओली करून कापा आणि हात धुवा.

यानंतर गाडी साडेआठ मिनिटांवर आली. पण फक्त सकाळी. दुपारी पुन्हा सहा.

याचं उत्तर मला अंगणात नाही, वाळत घातलेल्या कपड्यांत सापडलं. दुपार झाली की समुद्राकडून वारा सुटतो. आम्ही किनाऱ्यापासून आत असूनही दोरीवरचे कपडे डोलायला लागतात. आपल्या इंजिनात आग बॉयलरच्या बाहेर, उघड्यावर असते. एवढ्याशा वाऱ्यानंही ज्योत बाजूला झुकते आणि धग अंगणाला मिळते. मी खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून दोन्ही बाजूंना झालर लावली. पहिल्या खेपेला इतकी बंदिस्त लावली की ज्योतीला हवा मिळेना. ज्योत पिवळी होऊन पत्र्याखालून बाहेर चाटायला लागली आणि डोळ्यांना झोंबणारा वास सुटला. तो वास म्हणजे अर्धवट जळालेलं स्पिरिट. झालरीच्या तळाला ओळीनं पाच-पाच मिलिमीटरची भोकं पाडली तेव्हा जमलं.

उन्हात स्पिरिटची ज्योत दिसतच नाही, हे नव्या माणसाला पटत नाही. बर्नर विझलाय असं समजून वरून स्पिरिट ओतायला जाऊ नका. बर्नर बाहेर काढा, हाताला गार लागू द्या, मग भरा. शेजारी पाण्याची बादली ठेवा. स्पिरिट पाण्यात मिसळतं, म्हणून या आगीवर पाणी चालतं. रॉकेलच्या आगीवर चालत नाही.

गॅसचा बर्नर बसवा म्हणून पुष्कळ जण सांगतात. बसतो, आणि ताकदही देतो. पण थंड देशातली माणसं ब्युटेनची टाकी कोमट पाण्यात ठेवतात, कारण ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतो आणि थंडीत त्याला दाब येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात उलट अडचण. टाकीत दाब इतका की बर्नर गर्जतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सतत फुसफुसत राहतो. आणि घरच्या सिलिंडरमधला गॅस तर कधीच भरू नका. त्यात प्रोपेनही असतो, त्याचा दाब कितीतरी जास्त. मी स्पिरिटवरच राहिलो.

पाणी

पाण्याबद्दल दोनच नियम. पाणी आगीपेक्षा जास्त टिकलं पाहिजे, आणि बॉयलर काठोकाठ भरलेला नको.

पहिल्याचं कारण जीवावरचं आहे. बऱ्याच स्वस्त बॉयलरांना कथलाचा डाग असतो, म्हणजे त्यांचे सांधे कथील वितळवून जोडलेले असतात. कथील-शिशाचा डाग १८३ अंशांपासून वितळायला लागतो. आत पाणी आहे तोवर धातू पाण्याच्या तापमानाच्या फार वर जात नाही, कारण धग पाणी पिऊन टाकतं. पाणी संपलं की दोन मिनिटांत डाग सुटतो. म्हणून मोजून ठेवा. माझ्या बॉयलरमध्ये ९० मिलिलिटर पाणी आणि बर्नरमध्ये १५ मिलिलिटर स्पिरिट. आग विझल्यावर, गार झाल्यावर, सिरिंजनं उरलेलं पाणी काढून मोजलं तर अर्ध्याहून जास्त शिल्लक असतं. तुमचे आकडे वेगळे असतील, पण एकदा मोजाच.

भरताना पाणी उकळून गरम भरा. यात नुसता वेळ वाचत नाही. ९० मिलिलिटर पाणी २८ अंशांवरून ९० अंशांवर न्यायला जी उष्णता लागते, तेवढीत दहाएक ग्रॅम पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २२५७ ज्यूल लागतात, त्यावरून करून बघा. कामाच्या दाबाला ती वाफ साधारण नऊ लिटर भरते. बर्नरमध्ये थेंबभरही न वाढवता मिळालेली नऊ लिटर वाफ! माझ्या गाडीला याच एका सवयीनं दीड फेरी जास्त मिळाली. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे, घड्याच्या तळाला तांबूस थर बसतो, म्हणून मी पावसाचं पाणी गाळून ठेवतो. दोन पागोळ्या पुरतात वर्षाला.

काठोकाठ भरण्याची खोड मात्र सगळ्यांनाच असते, जास्त पाणी म्हणजे जास्त फेऱ्या अशा हिशेबानं. वर वाफेला जागा राहिली नाही, की उकळी थेट वाफेच्या नळीत शिरते. धुरांडं पाणी थुंकतं, सिलिंडर पाण्यानं भरतात आणि गाडी गचके खाऊन थांबते. उपाय: पूर्ण भरा, मग सिरिंजनं वीसेक मिलिलिटर परत ओढून घ्या. औषधाच्या दुकानातली ५० मिलिलिटरची सिरिंज आणि पुढे बारीक नळीचा तुकडा. या छंदातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू.

एवढं करूनही गेल्या मार्गशीर्षात गाडी थुंकायची थांबेना. शेवटी बॉयलरमधलं पाणी सिरिंजमध्ये ओढून उजेडात धरलं, तर ते ताकाच्या निवळीसारखं गढूळ आणि वर सोनेरी तवंग. बॉयलरमध्ये तेल! कसं गेलं? वाफेच्या नळीवर मी तेलाची छोटी कुपी बसवली होती. तिच्यात वाफ शिरते, गार होऊन पाणी होते, पाणी तळाला बसतं आणि तेवढं तेल वर उचललं जाऊन वाफेबरोबर सिलिंडरकडे जातं. झकास युक्ती. पण गाडी थांबवून रेग्युलेटर, म्हणजे वाफेची तोटी, उघडा ठेवला आणि बॉयलर तसाच गार होऊ दिला, तर आतली वाफ आकसून निर्वात होते आणि कुपीतलं तेल उलट बॉयलरमध्ये ओढलं जातं. तेल गेलं की पाणी फेसाळतं, आणि फेस सरळ नळीत. मी दर रविवारी हेच करत होतो आणि दोष स्प्रिंगला देत होतो.

साफ करायला कोमट पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालून भरा, हलवा, ओता, आणि साध्या पाण्यानं तीन-चार वेळा खळखळून काढा. पुन्हा होऊ नये म्हणून: आग विझली, फुसफुस पूर्ण थांबली आणि दाब गेला, की सेफ्टी व्हॉल्व्ह कापडानं धरून सैल करा, म्हणजे हवा आत जाईल. दाब असताना नाही!

तेल कुठलं? जाड स्टीम सिलिंडर ऑइल, ४६० किंवा ६८० ग्रेडचं. शिवणयंत्राचं तेल वाफेत पहिल्या फेरीतच धुऊन जातं. खोबरेलाचंही तेच, वर चिकट. गाडीच्या गिअरचं तेल जाड असतं म्हणून लोक घालतात, पण त्यातली गंधकाची द्रव्यं तापल्यावर पितळ काळं पाडतात.

वाफेची वाट आणि सिलिंडर

इथपर्यंत आल्यावर बहुतेकांची गाडी चालू लागलेली असते. माझी दहा मिनिटं चालायला लागली होती. पुढचं हौसेचं.

बॉयलरपासून सिलिंडरपर्यंतची नळी जितकी गार, तितकी वाफ वाटेतच पाणी होते. माझी नळी चौकटीबाहेरून जात होती. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीचा तुकडा आणला आणि ती बर्नरच्या ज्योतींवरून एक वळसा घालून नेली. वाफ कोरडी आणि गरम होऊन पोचते. सांधा कथलानं करू नका, ज्योतीत टिकणार नाही. बाजारातल्या एका सोनार शेटनी मला दुकानातच चांदीचा डाग देऊन दिला, दागिन्यापेक्षा नाजूक काम म्हणत.

सिलिंडरच्या पाठीतून वाफ गळते का, ते फुंकून बघा. सगळं गार असताना एक सिलिंडर काढून त्याच्यासमोरचं वाफेचं भोक चिकटपट्टीनं बंद करा, वाफेच्या नळीला प्लास्टिकची नळी लावून तोंडानं फुंका आणि चाक हळूहळू फिरवा. सिलिंडर मधोमध आला की दोन्ही भोकं झाकली जातात. तिथे फुंकर अडली पाहिजे. अडत नसेल, तर सिलिंडरची पाठ आणि ती जिला टेकते ती पाटी यांत फट आहे. जाड काचेवर हजार नंबरचा वॉटर पेपर पसरा, दोन थेंब तेल टाका, सिलिंडरची पाठ त्यावर टेकवून बोटाच्या वजनानं मराठी चार काढत राहा. वीस-पंचवीस चार काढून पुसून बघा. पूर्ण पाठ एकसारखी राखाडी दिसली की झालं. मध्ये चकाकता डाग म्हणजे तिथे खळगा आहे, अजून घासा. नंतर धुऊन काढायला विसरू नका, नाहीतर उरलेली रेव पुन्हा घासायला लागेल.

सिलिंडर पाटीवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचं म्हणाल तर बॉलपेनातली स्प्रिंग लावून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला. ती फार मऊ, वाफ सिलिंडरला पाटीपासून उचलते. फार कडक लावली, तर घर्षणातच जोर जातो. सिलिंडर बोटानं झुलवल्यावर अडखळत नाही आणि फुंकर सुटत नाही, एवढ्यावर थांबा.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आवळू नका. हे कुणी ना कुणी सुचवतंच. प्रेशर कुकरची शिट्टी साधारण एक बार दाबाला उठते, आत पाणी १२० अंशांना असतं. माझ्या गाडीचा व्हॉल्व्हही तेवढ्याच दाबाचा आहे. कुकरची शिट्टी आवळून कुणी डाळ लवकर शिजवत नाही. कथलाचा डाग असलेल्या बॉयलरला तेवढाच दाब. जास्त हवा असेल, तर चांदीच्या डागाचा नवा बॉयलर, तोही दुप्पट दाबानं गार पाण्यावर तपासलेला, त्याच्या जोडीला त्याचाच व्हॉल्व्ह आणि दाबमापक.

राहिला तिसरा प्रकार. मागच्या पावसाळ्यानंतर गाडी काढली, तर ना जागा ना वेळ, पाच हात गेली की थांबायची. आग उत्तम, पाणी स्वच्छ, फुंकर चोख. ढकलली तर दमेकऱ्यासारखा आवाज करायची. दोन रविवार गेले. भाची ठिपके ठेवून कंटाळली, मग इंजिन उचलून तिनं धुरांड्यात डोळा लावला. वाफ बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी लाल मातीची गुळगुळीत गोळी बसली होती. कुंभारीण माशीनं चार महिन्यांत आमच्या धुरांड्यात घर बांधलं होतं. पिनेनं खरवडून काढलं, आत दोन वाळलेले कोळी. आता पावसाळ्यात इंजिन ठेवताना त्या नळीत आणि बर्नरच्या भोकांत कापसाचे बोळे घालतो. मावशीच्या देवघरातले.